नावेची पावती

“…पण बुवा, नियम सगळ्यांना सारखा हवा की नको?”

भाऊबुवा नदीच्या घाटावरच्या मठात शेंगा सोलत बसले होते. समोर निरंजन बसला होता.

लहानपणी तो याच बुवांकडे मृदंग शिकलेला. आता पंपाच्या कारखान्यात हिशेबखात्याचा साहेब. महिनाभर खपून त्यानं संगणकात नियम बसवले होते. फिरतीवरच्या माणसांनी खर्च त्यात भरायचा. पावती आहे, रक्कम मर्यादेत आहे, तर मंजूर. नाहीतर नामंजूर. ना वशिला, ना आर्जवं! गडी स्वतःवर भलताच खूश होता.

आणि काल सोपान घोलपचा राजीनामा आला. बावीस वर्षांचा जुना मिस्त्री. धरणापलीकडच्या वाडीतला बंद पंप चालू करून आला आणि नावेचे चाळीस रुपये मागितले. संगणकानं कळवलं, ‘पावती नाही. प्रवास झाल्याचा पुरावा नाही.’

राजीनाम्यात एकच ओळ होती. ‘मी गेलोच नाही म्हणता?’

त्याची समजूत काढायला निरंजन निघाला खरा, पण घाटापाशी पाय अडखळले. म्हणून मठात शिरला.

“आणि मंजूर कुणाचं झालं?” बुवांनी विचारलं.

“विक्रीतल्या पाटकरचं. जेवणाची मर्यादा पाचशे. त्याचं बिल रोज चारशे नव्याण्णव. पावतीसकट.”

“वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी.”

निरंजनचा चेहरा उतरला. “घोलपसारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही, बुवा. कोणता नियम घालू, सांगा.”

बुवांनी लोटा पुढं केला. “नदीपलीकडच्या आवडाबाईकडून दही घेऊन ये. मग बोलू.”

साहेब निघाले! येताना नाव काठाला लागेना, तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरावं लागलं. तासाभरानं लोटा छातीशी धरून तो मठात आला. पँटीतून पाणी निथळत होतं.

“नावेची पावती?”

“नावाडी कुठं पावती देतो, बुवा?”

“मग तू गेलाच नाहीस.”

निरंजनचं डोकंच सणकलं. “गेलो नाही? मग हे दही काय आभाळातून पडलं? हे माझे पाय बघा की…”

आणि तो मध्येच थांबला.

…

बुवांनी बोट बुडवून दही चाखलं. “गोड आहे.”

निरंजन आधी ओशाळला, मग त्याला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. कालपासून छातीवर बसलेला धोंडा उतरल्यासारखं वाटलं त्याला.

“नावेसाठी वेगळा नियम घालतो, बुवा. आजच…”

“घोलपचं घर कुठं?”

“इथंच, नदीपलीकडं.”

बुवांनी आपल्यापुरतं दही वाटीत काढून घेतलं आणि लोटा पुन्हा त्याच्या हातात दिला.

“जा, त्याच्याकडंच जेव. येताना पावती आणू नकोस.”