न काढलेली दाढ

एका तालुक्याच्या गावी डॉ. रघुवीर तगारे नावाचे वृद्ध दंतवैद्य होते. चाळीस वर्षे त्यांनी पंचक्रोशीचे दात सांभाळले. शिक्षण संपवून आलेले तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षे राहत आणि कामात तरबेज होऊन जात. एवढे असूनही त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नव्हते. काम उत्तम झाले, तर ते फक्त म्हणत, "पुढचा पेशंट घ्या."

कावेरी भोईटे ही त्यांची सध्याची शिष्या. अतिशय सफाईदार हाताची. दोन वर्षांत तिने शेकडो दाढा काढल्या, टाके घातले आणि प्रत्येक वेळी 'पुढचा पेशंट' ऐकले. मनातून तिला ते लागत असे.

एके सकाळी कापडाचे व्यापारी बाबूशेठ कोठावळे गाल धरून आले. जबडा सुजलेला, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते.

"ही दाढ काढून टाका," दिसणाऱ्या शेवटच्या दाढेवर बोट ठेवून ते म्हणाले. "परवा मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. मला असा तोबरा घेऊन बसायचं नाही."

कावेरीने एक्स-रे काढला. खरा अपराधी त्या दाढेच्या मागे लपला होता. अक्कलदाढ वर न येता हाडात आडवी झोपली होती आणि पुढच्या दाढेला डोक्याने ढुशी देत होती. दोघींच्या फटीत अन्न अडकून पुढची दाढ किडली होती, हिरडीत पू झाला होता. कावेरीची नजर मात्र खाली, मुळांपाशी थबकली. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस तिथूनच जात होती. मुळे तिला नुसती टेकली होती की तिच्याभोवती वळली होती, ते त्या फोटोत उमगत नव्हते.

तगारे सरांनी फोटो उजेडासमोर धरला, परत दिला आणि "तू ठरव," एवढेच म्हणून कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

"ठरवायचं काय त्यात?" बाबूशेठ म्हणाले. "माझ्या भाच्याची दाढ तुम्ही दहा मिनिटांत काढलीत म्हणे."

कावेरीने भुलीच्या इंजेक्शनकडे हात नेला. दार उघडे होते. बाहेर बाकावर बसलेली सात-आठ माणसे आत पाहत होती. तिने क्षणभर विचार केला आणि हात मागे घेतला.

"शेठ, खरा त्रास मागे लपलेल्या अक्कलदाढेचा आहे, आणि ती मी काढणार नाही."

"का? जमत नाही?"

"नाही जमत," ती स्पष्ट म्हणाली. "नस दुखावली तर तुमचा अर्धा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. चहा ओघळला तरी कळणार नाही. आज पू काढून देते, औषधं देते, म्हणजे सूज उतरेल. मग जिल्ह्याच्या इस्पितळात जा. तिथे सगळ्या बाजूंनी दिसेल असा स्कॅन होतो, जबड्याचे सर्जन आहेत. मी चिठ्ठी लिहून देते."

बाबूशेठ सरांकडे वळले. "तुम्ही तरी हात लावा, डॉक्टर!"

"तिनं सांगितलं तेच माझंही सांगणं," सर म्हणाले.

पू निघाल्यावर बाबूशेठना आराम पडला, पण राग गेला नाही. "मग एवढा मोठा बोर्ड लावलाय कशाला?" असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणून ते निघून गेले. कावेरीने मान खाली घातली. आपल्यामुळे सरांच्या दवाखान्याची शोभा झाली, असे तिला वाटले.

तेव्हा सरांनी एक विलक्षण गोष्ट केली. अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला, रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि स्वतःच गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला.

"माझी उजवीकडची खालची अक्कलदाढ," ते म्हणाले. "अर्धी वर, अर्धी हिरडीत. महिनाभर छळते आहे. काढ."

"सर, मी? आत्ता मी सगळ्यांदेखत जमत नाही म्हणाले!"

"म्हणूनच. हात कसा चालवायचा, हे मी शिकवू शकतो. तो कुठे आवरायचा, हे ज्याचं त्यालाच उमगावं लागतं. तीस वर्षांपूर्वी माझ्याही दारात अशीच माणसं बसली होती आणि मी थांबलो नाही. एका शिक्षिकेचा ओठ आजही बधिर आहे. आज तू सुई लावायला गेली असतीस, तर मी तुझा हात धरला असता. ती वेळ तू येऊ दिली नाहीस. ज्याला चारचौघांत 'जमत नाही' म्हणता येतं, त्याच्या 'जमेल' या शब्दावर मी माझा जबडा सोपवू शकतो. आता माझा फोटो बघ आणि सांग."

कावेरीने एक्स-रे काढला आणि तो सावकाश, दोनदा पाहिला. मुळे आखूड होती, नसेपासून दूर होती.

"जमेल, सर."

वीस मिनिटांत दाढ निघाली.

दहा दिवसांनी जिल्ह्याहून सर्जनचे पत्र आले. बाबूशेठच्या दाढेची मुळे नसेला कवटाळून होती. म्हणून त्यांनी दाढेचा वरचा भाग तेवढा काढला आणि मुळे जाणीवपूर्वक तशीच ठेवली. ओठ शाबूत होता. 'वेळीच पाठवलेत', असे शेवटी लिहिले होते.

पण कावेरीला तिची पावती त्याआधीच, त्याच दिवशी मिळाली होती. दाढ काढल्यावर तिने सरांना बजावले होते, "अर्धा तास बोळा घट्ट दाबून धरायचा. अजिबात बोलायचं नाही." सरांनी आज्ञाधारकपणे मान हलवली. मग उठून ते थेट बाहेरच्या बाकापाशी गेले. मघाचे सगळे तिथेच होते. सरांनी एका बोटाने आपला फुगलेला गाल दाखवला, दुसऱ्या हाताने दारात उभ्या असलेल्या कावेरीकडे निर्देश केला, आणि एक शब्दही न बोलता, छाती काढून, प्रत्येकाच्या समोर क्षणभर थांबत ते त्या बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.