गिळलेले अक्षर

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे दोन परदेशी अभ्यासक मराठी शिकायला येऊन राहिले. एक होत्या अमेरिकेतल्या नावाहो जमातीच्या त्सोसीबाई. दुसरा डेन्मार्कचा एस्किल नावाचा तरुण. आचार्यांचे घर नदीकाठी होते आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळेच काकू म्हणत, आल्यागेल्याला स्वतःच्या हाताने वाढत.

आचार्यांचा शिष्य भार्गव त्या काळात नावाहो आणि डॅनिश या दोन भाषांची तुलना करणारा प्रबंध लिहीत होता. त्याचा सगळा अभ्यास पुस्तकांतून झालेला. नावाहोत एखादी वस्तू ‘दे’ म्हणायचे तर ती गोल आहे, काठीसारखी लांब आहे की कापडासारखी मऊ, हे पाहून क्रियापद बदलते, हे वाचून तो भारावून गेला होता. डॅनिशचे मात्र त्याला कौतुक वाटेना. लिहायचे एक, बोलायचे भलतेच, आणि निम्मी अक्षरे घशातच! होता होता त्याचे मत भाषांवरून माणसांवर घसरले. वस्तू नीट पाहून बोलणारी माणसे खरी असणार. अक्षरे गिळणारी माणसे मनातलेही गिळत असणार.

मग एस्किलचे सगळेच त्याला खटकू लागले. हा इतका हळू का बोलतो? फोन आला की अंगणात का जातो? काकू दिसल्या की हसतो का?

एका दुपारी एस्किल अंगणात फोनवर बोलत होता. पलीकडे काकू वाळवण उचलत होत्या. त्यांच्याकडे पाहत तो पुन्हा पुन्हा एकच शब्द उच्चारत होता, ‘हुन’. भार्गवच्या मस्तकात तिडीक गेली. डॅनिशमध्ये कुत्र्याला ‘हुन’ म्हणतात, लिहिताना शेवटी ‘द’ येतो पण तो उच्चारत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते.

तो तडक स्वयंपाकघरात गेला. “काकू, ज्याला तुम्ही गरम गरम वाढता ना, तो तुम्हाला कुत्री म्हणतो.”

 त्या संध्याकाळपासून काकू वाढायला बाहेर आल्या नाहीत. एस्किलचे ताट झाकून ओट्यावर ठेवलेले असे. त्याने दोनदा कारण विचारले, कोणी सांगेना. शेवटी त्याने सामान बांधले.

काकूंकडून हे सगळे आचार्यांच्या कानावर गेले. भार्गव म्हणाला, “जाऊ दे त्याला. मला पहिल्यापासून शंका होती.”

 आचार्यांनी एस्किलला दाराआड उभे केले आणि कुत्र्यासाठीचा शब्द व तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द, दोन्ही हवे तसे उलटसुलट म्हणायला सांगितले. त्सोसीबाईंना ओसरीवर बसवून ते म्हणाले, “बोलणाऱ्याचा गळा अडखळला असं वाटेल, तेव्हा हात वर करा.”

“त्यांना डॅनिशचं अक्षरही येत नाही!” भार्गव म्हणाला.

“म्हणूनच.”

दाराआडून आवाज आला. हुन. हुन. हुन. भार्गवला काडीचाही फरक कळेना. त्सोसीबाई मात्र डोळे मिटून कधी हात वर करत, कधी करत नसत; आचार्य ‘वर’ की ‘खाली’ ते मोठ्याने सांगत, आणि दर वेळी आतून एस्किल मराठीत म्हणे, “बरोबर.”

त्सोसीबाई हसल्या. “आमच्या भाषेत गळा क्षणभर बंद होणं हे एक अक्षरच आहे. ते लिहायला खूण आहे. लहानपणी ते सुटलं तर आजी पुन्हा म्हणायला लावायची. याचा गळा पुरता बंद होत नाही, नुसता अडतो. पण अडतो ते ऐकू येतं.”

एस्किल बाहेर आला. तो अवघडलेला दिसत होता. “मीही एक विचारू? मी बाहेर निघालो की काकू मला ‘जप’ म्हणायच्या. शब्दकोशात पाहिलं, तर देवाचं नाव पुन्हा पुन्हा घेणे. मला वाटलं, मला भक्त करायचं चाललंय. मी काही केलं नाही, म्हणून त्यांनी वाढणं सोडलं का?”

“अहो, तो ‘जप’ वेगळा!” भार्गव न राहवून म्हणाला. “त्या म्हणत होत्या, सांभाळून जा. त्यातला ‘ज’ वेगळा आहे!”

“लिहिताना वेगळा दिसतो?”

“लिहिताना…” भार्गव थबकला. “लिहिताना एकच.”

आचार्य शांतपणे म्हणाले, “कुत्र्याच्या शब्दात गळा अडतो, दुसऱ्यात अडत नाही. त्या दुसऱ्या ‘हुन’चा अर्थ काय, भार्गव?”

“ती.” त्याचा आवाज उतरला.

“म्हणजे तोही तुला येत होता. कानाला फरक कळला नाही, यात तुझा दोष नाही; प्रत्येकाचा कान आपल्या घरात घडतो. पण दोन्ही अर्थ समोर असताना तू त्यातला वाईट तेवढा उचललास. ते काम कानाचं नव्हतं. नावाहोला तू खरी ठरवलंस आणि डॅनिशला लबाड, त्याच दिवशी तुझी तुलना संपली होती. पुढे तू फक्त पुरावे गोळा केलेस.”

भार्गव खाली मान घालून स्वयंपाकघरात गेला. “काकू, माझं चुकलं. तो ‘ती’ म्हणत होता. तुमच्याविषयीच बोलत होता, पण शिवी नव्हती.”

काकूंनी पदराला हात पुसले. “मग काय म्हणत होता?”

“ते… मी विचारलं नाही.”

“मग आधी विचार जा. आणि त्याला म्हणावं, सामान आत ठेव. मी पान वाढते आहे.”

भार्गव ओसरीवर आला. एस्किल पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत बसला होता. भार्गव त्याच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, “त्या दिवशी फोनवर तुम्ही काकूंबद्दल काय सांगत होतात?”

इतके महिने डॅनिशचा अभ्यास करून एस्किलला त्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.