दुभाष्याचा सवाल

एका संस्थानात हैबतराव नावाचे कारभारी होते. त्यांच्या तोंडी सदा शिव्या असत. उलट बोलणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जाई, त्यामुळे दुभाषी त्र्यंबक मान खाली घालून सगळं ऐकून घेई.

एकदा शेजारच्या राज्याचे कानडी वकील तहासाठी आले. बोलणी चालू असताना त्र्यंबक एका शब्दाला अडखळला. हैबतराव कडाडले आणि त्यांनी भर बैठकीत त्याच्या आईचा उद्धार केला. वकिलांना मराठी येत नव्हतं, पण आवाज कळला. हातातला विडा खाली ठेवून त्यांनी त्र्यंबकाला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?" हैबतराव गुरगुरले.

त्र्यंबक पेचात पडला. वकिलांना खरं सांगावं तर तह मोडणार आणि नोकरी जाणार; खोटं बोलावं, तर आईची शिवी गिळायची. त्याने हात जोडले.

"सरकार, आपण आत्ता काय बोललात, ते विचारतायत. आहे तसं सांगू, की दुसरं काही सांगायला देता?"

सगळी बैठक हैबतरावांकडे बघू लागली. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"सांग," ते अखेर हळूच म्हणाले, "दुभाषी उभा राहून दमलाय, त्याला बसायला आसन द्या म्हणालो."

त्र्यंबकाने ते कानडीत सांगितलं. वकिलांनी हसून आपल्याच शेजारी जागा केली. त्र्यंबक पटकन जाऊन बसला.