चाकांचं खवल्या मांजर

ऐका. मधे कुणी बोलायचं नाही. एक होता राजा, समुद्रापलीकडच्या फिरंग्यांचा. त्याला जगातल्या सगळ्या जनावरांची चित्रं हवी होती. स्वतः मात्र जागचा हलायचा नाही.

मग काय व्हायचं, खलाशी परमुलखात जायचे, जनावरं बघायचे आणि परत येऊन तोंडी सांगायचे. दरबारातला चितारी ते ऐकून चित्र काढायचा. अशी ती पद्धत, बरं का.

एकदा दुआर्त नावाचा खलाशी आपल्या कोकणातून परत गेला. त्यानं रानात खवल्या मांजर बघितलं होतं, तेही पळता पळता. तो म्हणाला, "अंगावर माशासारखी खवलं." चिताऱ्यानं चार पायांचा मासा काढला. मग म्हणाला, "जीभ हातभर लांब." चिताऱ्यानं तोंडात साप दिला. मग म्हणाला, "भ्यालं की चाकासारखं गोल होतं." चिताऱ्यानं पाय पुसून चाकं लावली.

राजा खूश. म्हणाला, "हे जनावर आण. चित्रासारखंच हवं. नाहीतर तुझं मुंडकं उडवीन."

दुआर्त रडत कोकणात आला. किनाऱ्यावर आवडाई कोळीण जाळं सांधत बसली होती. तिची भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. त्यानं चित्र दाखवलं, राजाची धमकी सांगितली. आवडाई पोट धरून हसली.

"मेल्या, हे जनावर की देवाचा रथ?"

तिन्हीसांजेला तिनं त्याला रानात नेलं. वारुळापाशी खवल्या मांजर मुंग्या खात होतं. आपण त्याला मांजर म्हणतो. ते म्याव करत नाही की उंदीर धरत नाही. भलतंच नाव द्यायला आपले लोकही काही कमी नाहीत.

दुआर्त म्हणाला, "बाई, याला चाकं बांधू का?"

"हात तर लाव. कोयत्यानं तुझेच पाय तोडते, मग तूच लाव चाकं."

"मग माझं मुंडकं?"

आवडाईनं शिडाचं फडकं घेतलं, गेरू कालवला. म्हणाली, "तुझा राजा कसा दिसतो, सांग."

"डोक्यावर मेंढीसारखे कुरळे केस." तिनं मेंढीचं डोकं काढलं.

"गळ्याभोवती ताटाएवढी झालर." तिनं ते डोकं ताटात वाढलं.

"पाय बगळ्यासारखे काटकुळे." तिनं राजाला एका पायावर उभा केला.

"जा, दे नेऊन."

राजानं फडकं बघितलं. "हे कुठलं जनावर?"

दुआर्त म्हणाला, "महाराज, तुम्हीच. मी तोंडी सांगितलं, तिनं काढलं. तिनं तुम्हाला कधी बघितलेलं नाही."

राजानं गळ्याची झालर चाचपली. मग चाकांचं चित्र मागवलं. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "राहू दे तुझं मुंडकं. त्या चिताऱ्याला जहाजात बसवा. बघून काढू दे."

चितारी ओकत ओकत कोकणात आला. तीन दिवस वारुळापाशी बसला. मुंग्या चावल्या, पण चित्र बरोबर आलं. जनावर आपल्या रानातच राहिलं. आवडाईचं जाळं सांधून झालं. दुआर्तचं मुंडकं म्हातारपणी पांढरं झालं, पण धडावरच.

झालं. आता खवल्या मांजरासारखी गुंडाळी करा नि डोळे मिटा. चाकं फुटली का, ते सकाळी बघा.