खेकड्याचा अंदाज

खाडीवर अजून पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या तोंडाशी एक म्हातारा खेकडा राहायचा. पाऊस यायचा असला, की तो आदल्या दिवशीच बिळाचं दार चिखलाने लिंपून घ्यायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता, आणि मिजासही तेवढीच होती.

फाल्गुन सरता सरता घाटाखालच्या खोऱ्यातून एक टिटवी त्याच्याकडे आली. "मामा, यंदा चैत्र कसा जाईल? नदीच्या कोरड्या वाळूत अंडी घालू का?"

खेकड्याने डोळे वर करून समुद्राकडे पाहिलं. "अगं, खुशाल घाल. थेंबसुद्धा पडायचा नाही. मी सांगतोय ना!"

निम्मा चैत्र सरला तरी किनारा कोरडाच होता. खेकडा येणाऱ्याजाणाऱ्याला आपलं उघडं दार दाखवत बसायचा. मग एका दुपारी, डोक्यावर लख्ख ऊन असताना, खाडीत लाल गढूळ पाणी उतरलं. त्यात काटक्या होत्या, पाला होता. वर खोऱ्यात वळीव कोसळला होता.

खेकडा त्या पाण्याकडे बघतच राहिला.

दोन दिवसांनी टिटवी आली. तिची अंडी वाहून गेली होती. खेकडा बिळात मागे सरकला.

"तुमचं काही चुकलं नाही, मामा," ती म्हणाली. "इथं कोरडंच होतं."

एवढं बोलून ती उडाली. तिला पुन्हा अंडी घालायची होती, या खेपेला उंच माळावर.

तेव्हापासून कुणी हवामान विचारलं, की खेकडा समुद्राकडे बघण्याआधी विचारतो, "तुझं घर कुठं आहे?"