होकार (अपिअर्ड)

तात्यासाहेब मोहोळकर गावच्या शाळेचे अध्यक्ष, आणि वैजयंतीचे वडील त्याच शाळेत मास्तर! त्यामुळे तात्यासाहेब आपल्या मुलाला घेऊन तिला बघायला आले, तेव्हा घरात नुसती धांदल उडाली.

पोह्यांची बशी हातात येताच तात्यासाहेबांनी मुलाचं व्हिजिटिंग कार्ड वैजयंतीपुढे केलं. ‘मकरंद मोहोळकर, बी.ए., एम.ए. (अपिअर्ड), एलएल.बी. (अपिअर्ड).’

वैजयंतीनं विचारलं, “काका, यांचे दोन निकाल लागायचेत ना अजून?”

“लागतील गं! परीक्षेला बसला म्हणजे पदवी मिळाल्यातच जमा. कंसातलं वाचतंय कोण? बरं मास्तर, मुलगी आम्हाला पसंत आहे. होकार आत्ताच हवा. पेढ्यांचे पुडे गाडीत तयार आहेत!”

मास्तर ‘हो’ म्हणणार, तोच वैजयंती म्हणाली, “मग माझाही होकार मिळाल्यातच जमा, काका! खुशाल पेढे वाटा. फक्त वाटताना सांगा, मुलीचा होकार आहे, कंसात अपिअर्ड. यांचे निकाल लागले की माझाही लावते.”

तात्यासाहेबांचा घास हातातच राहिला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आणि खो खो हसत सुटला तो मकरंदच! त्यानं खिशातलं पेन काढलं, कार्डावरच्या कंसवाल्या दोन्ही पदव्या खोडल्या आणि कार्ड पुन्हा तिच्यापुढे धरलं.

उरलेलं ‘बी.ए.’ वाचून वैजयंती उठली.

“बसा हं. पोहे गार झालेत, गरम करून आणते.”