नाळखांबाची पंचमी

वेळदऱ्याच्या वेशीबाहेर जो जुना वड आहे, त्याच्या दक्षिणेकडच्या आडव्या फांदीखाली एक काळा दगडी खांब उभा आहे. फांदीचा सारा भार त्याच्या माथ्यावर. त्यावर मूर्ती कोरलेली नाही, शेंदूर नाही, एक अक्षरही नाही. तरी गावची माणसे पायांतल्या वहाणा काढूनच त्याच्याजवळ जातात. त्याला नाळखांब म्हणतात. येणारे पाहुणे विचारतात, हे कोणते दैवत? मंडळी, बसा या पारावर. त्या खांबाची कथा एका गेलेल्या सणाची आहे, आणि तो सण परत कसा आला याची आहे.

किती पिढ्यांपूर्वीची गोष्ट, ते कोणी नेमके सांगत नाही. भागाई नावाची एक विधवा या गावात राहत असे. तिची एकुलती एक लेक हौसा श्रावणात माहेरी आली होती. नागपंचमीचा दिवस. वारूळ पुजून झाले, लाह्या वाहून झाल्या, आणि साऱ्या लेकीबाळी या वडाला बांधलेल्या झोक्याकडे धावल्या. हौसाचा झोका उंच गेला आणि उत्तरेकडची फांदी मोडली. लेक आईच्या डोळ्यांदेखत गेली.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेल. सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला की तो सण त्या घरापुरता पडतो. पुढे कधी त्याच तिथीला त्या घरात मूल जन्मले किंवा गाय व्याली, तरच तो उठतो. पण हौसा साऱ्या गावासमोर गेली होती. गाव म्हणाले, "हा एकट्या भागाईचा सण पडला नाही, आपला पडला." भागाईच्या घरी सण उठेपर्यंत वेळदऱ्यात झोका नाही, फेर नाही, पुरणाची दिंडे नाहीत.

प्रेमानेच केले होते त्यांनी ते. पण त्याचे ओझे पडले दुसऱ्यांच्याच माथ्यावर. सण नाही, म्हणून लेकींना आणायला मुराळी जाईना. सासरी नांदणाऱ्या वेळदऱ्याच्या मुली जात्यावर म्हणू लागल्या,

श्रावण आला बाई, डोळे लागले वेशीला
बंधू माझा गं येईना, पंचमीच्या त्या दिशीला.

ही ओवी फिरत फिरत भागाईच्या कानी आली, आणि तिचे दुःख दुप्पट झाले. आपली एक लेक गेली, म्हणून गावाच्या शंभर लेकी माहेराला मुकल्या! पंचमी उठल्याखेरीज डोळे मिटायचे नाहीत, असे तिने देवापुढे हात जोडून ठरवले. पण उठावी कशी? घरात ती एकटी. मूल कोठून यावे? उरली गाय. भागाई महिने मोजून आश्विनात गाय वळूला दाखवी. एका वर्षी गाय चतुर्थीला व्याली, एका वर्षी षष्ठीला. लोक थट्टेने म्हणत, "भागाई, गाईला जरा पंचांग वाचून दाखव की!" भागाईही हसून म्हणे, "दाखवते की रे. पण तिला तिथीपेक्षा कडबा कळतो." अशी चोवीस वर्षे गेली. गाईमागून गाय झाली, शेवटचीही म्हातारी होऊन भाकड झाली, भागाईच्या पाठीला बाक आला. ती गेली म्हणजे घर मिटले, आणि घर मिटले म्हणजे पंचमी कायमची गेली, हे तिला दिसत होते.

दर पंचमीला ती मूठभर लाह्या घेऊन एकटीच या वडाखाली येई. त्या वर्षी आली, तो बुंध्याला मिठी मारून एक परकी तरुणी उभी. दिवस भरलेले, ओठ दातांखाली धरलेले.

"कुणाची गं तू?" भागाईने विचारले.

"पाथरवटाची. येल्लू म्हनत्यात. गाढवं म्होरं गेली आई, मी मागं ऱ्हायले."

"अगं, असल्या दिवसांत माहेरी असावं बाईनं! माहेर कुठलं तुझं?"

"बाप हुता तवर त्याच्या गाढवामागं हुतं," येल्लू म्हणाली, आणि कळ आली तशी खाली बसली.

हौसाची पहिली कळ कशी असती, हे भागाईला कधी पाहायला मिळाले नव्हते. तिने लाह्या तेथेच टाकल्या, येल्लूचा हात आपल्या वाकलेल्या खांद्यावर घेतला आणि तिला घरी आणले. सुईण कोंडाबाई धावत आली. दुपार होण्याआधी मुलगी जन्मली, पण रडेना. नाळेचा वेढा गळ्याभोवती घट्ट बसला होता आणि अंग निळे पडत चालले होते. वेढा सुटेना. नाळ कापल्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि कोंडाबाईचा हात थांबला. पंचमीला चिरू नये, कापू नये, खणू नये. त्या दिवशी गावात कोणी भाजीलाही विळी लावत नसे. त्यात हे घर पंचमीने पोळलेले.

"भागाई, ह्या दिवशी, ह्या घरात पातं? माझं धाडस न्हाई होत गं," ती रडू लागली.

भागाईने कोनाड्यातला विळा काढला. तिने वारुळाच्या दिशेला तोंड केले आणि म्हणाली, "नागोबा, पाप असंल तर माझ्या पदरात घाल. ह्या दिवसानं माझी एक नेली. दुसरी मी देत न्हाई." दोन ठिकाणी दोरा बांधून तिने नाळ कापली, वेढा सोडवला, पोरीला पालथी धरून पाठीवर चोळले. मग पोर अशी काही रडली, की चार घरे पलीकडे ऐकू गेले.

चोवीस वर्षांनी त्या घरातून, त्याच तिथीला, तान्ह्याचा आवाज! बघता बघता अंगणात गाव जमले. कोणी म्हणाले, "पंचमी उठली!" दुसऱ्याने विचारले, "अरे, पण वाटेवरच्या पाथरवटाची पोर ती. रक्त कुणाचं, कूळ कुणाचं?" शेवटी साऱ्यांनी रखमाजी गुरवाकडे पाहिले. वारुळाची पूजा त्याच्याकडे होती आणि रीतभात त्याला पाठ होती.

रखमाजी खिन्नपणे म्हणाला, "भागाई, तू जीव वाचवलास, ते देवानं पाहिलं. पण रीत घरच्या लेकराची आहे."

भागाई उंबऱ्यात उभी राहिली, तान्हीला पदरात धरून. "गुरवदादा, चोवीस वर्षं मी गाईच्या तोंडाकडं बघत बसले. तिचं वासरू चाललं असतं तुमच्या रीतीला. आणि ही माणसाची पोर चालत न्हाई? बघ, हिची आई माझ्या बाजेवर हाय. हिची नाळ माझ्या हातानं तुटली. मी येल्लूला लेक म्हनते, हिला नात म्हनते. आता सांग, कुणाच्या घरची?"

रखमाजीला ते पटले. पण पात्याची भीती त्याच्या मनातून जाईना. "देवाला विचारून येतो," म्हणून तो एकटाच वडाकडे निघाला आणि गाव त्याच्या मागे चालू लागले. वारूळ वडाच्या मुळाशीच होते. तेथे नाग दिसला नाही. मात्र त्या मोडक्या फांदीच्या खुंटाला नागाची ताजी कात लटकत होती, अखंड, शेपटीपासून फण्यापर्यंत. तिची दोन्ही टोके वर अडकलेली आणि मध्ये झोळ पडलेला, अगदी झोका टांगावा तशी! वाऱ्यावर ती हळूहळू हलत होती म्हणे.

म्हातारा गुरव डोळे पुसून म्हणाला, "बाबांनो, देवानं आपली कात टाकली. आपणच ती पांघरून बसलो होतो. झोक्याचा नाडा आणा."

नाडा आला, दक्षिणेच्या फांदीला झोका बांधला गेला. पण बसणार कोण? आयांनी पोरींचे हात घट्ट धरून ठेवले. तेव्हा गर्दीतून भागाई पुढे आली. विधवा, वाकलेली, चोवीस वर्षांत गाणे न म्हटलेली. ती पाटावर बसली आणि रखमाजीला म्हणाली, "दे रे हिसका. पडले तरी आता घरात मागं कुणीतरी हाय." फांदी करकरली, पण टिकली. मग झोक्याभोवती जो फेर धरला गेला, तो दिवेलागणीपर्यंत सुटला नाही.

येल्लूचा नवरा तिमाजी संध्याकाळी बायकोला शोधत आला. सगळे ऐकून तो भागाईच्या पाया पडला. नाळ पुरायची होती. पण पंचमीला खणायचे नाही, म्हणून ती रात्रभर मडक्यात राहिली. षष्ठीला या फांदीखाली खड्डा घेतला, नाळ पुरली. आणि पुन्हा कोणाची लेक पडू नये, म्हणून तिमाजीने दोन महिने राबून घडवलेला हा खांब त्याच जागी उभा केला. जिथे नाळ पुरली ते आपले गाव, असे आपण म्हणतोच. त्या बिनगावच्या बाईला असे गाव मिळाले. पुढे दरसाल, दगडाचे काम जेथे चालू असेल तेथे तिला आणायला वेळदऱ्याचा मुराळी जाई. पहिली कैक वर्षे म्हातारा रखमाजीच जात असे. वाटेत कोणी विचारले, तर ऐटीत सांगे, "बहिणीला न्यायला निघालोय."

भागाईने डोळे मिटले ते पुढच्याच माघात. शांतपणे, नामस्मरण करता करता.

आता आसपासच्या गावांत पंचमीचे झोके बांधतच नाहीत. फांद्या उरल्या नाहीत, लेकींना रजा मिळत नाही, अशी कारणे सांगतात. वेळदऱ्यात मात्र झोका आहे, आणि त्यावर पहिला मान माहेर नसलेल्या बाईचा. आजही चतुर्थीच्या सकाळी गावचा मुराळी धुतलेली टोपी घालून हमरस्त्यावर जातो. कधी रस्त्याच्या कामावर, कधी वीटभट्टीवर, कधी तालुक्याच्या दवाखान्यात एकट्या राहणाऱ्या नर्सबाईंच्या खोलीवर. दारात उभा राहून विचारतो, "ताई, उद्या पंचमी. तुम्हाला न्यायला कोणी येणार आहे का?"

ती गोंधळून नाही म्हणते.

"मग पिशवी भरा," तो म्हणतो, "मी आलोय."